काटकसरीचा दिवा

राज्यें कशीं उलथलीं याचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला. पण घरांतला दिवा बदलला तेव्हां घरांतल्या माणसांचें काय झालें, हें सहसा कोणी टिपून ठेवीत नाहीं. सीएफएल नांवाचा जो पिळदार नळीचा दिवा वीसएक वर्षें आपल्या घरांत वावरून गेला, त्याचें चरित्र म्हणूनच आम्हांस सांगण्याजोगें वाटतें.

या दिव्याचा जन्म टंचाईंतला. १९७३ सालीं तेलाचे भाव कडाडले आणि अमेरिकेंत वीज वांचविण्याची निकड भासूं लागली. जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील एडवर्ड हॅमर यांनीं १९७६ च्या सुमारास कांचेची नळी मळसूत्रासारखी पिळून असा दिवा सिद्ध केला. परंतु तो घडविण्याचीं यंत्रें फार खर्चाचीं, म्हणून कंपनीनें ती कल्पना तशीच ठेवून दिली. फिलिप्स कंपनीनें १९८० सालीं आपला दिवा बाजारांत आणला. त्यांत लोखंडी चोक असल्यामुळें तो चांगलाच जड होता. जुन्या बल्बला ६० वॅट लागत तेथें या जातीच्या दिव्याचें १४-१५ वॅटांत भागे. हा हिशेब बिनतोड होता, आणि सरकारें हिशेबावरच भाळतात.

घरांतली कुरकूर मात्र वेगळीच होती, आणि ती अडाणीपणाची नव्हती. बटण दाबल्यावर दिवा प्रथम मंद लागे. नळींतला पारा तापल्यावांचून पुरा उजेड पडत नसे. खोक्यावर ६,००० किंवा ८,००० तास असें आयुष्य छापलेलें असे. तेंही सरसकट खोटें नव्हतें. पण तें मोजतांना प्रयोगशाळेंत दिवा एकेका वेळीं सुमारें तीन तास सलग जळत ठेवीत. न्हाणीघरांतला दिवा कोण तीन तास जाळतो? दर वेळीं पेटतांना नळीच्या टोकांवरील लेप थोडा झिजतो, आणि दिवसांतून वीस वेळां पांच-पांच मिनिटें लागणाऱ्या दिव्याची वर्षांची पुंजी महिन्यांत सरते. बंद हंडींत उलटा टांगला, तर बुडांतलें सर्किट उष्णतेनें होरपळे. जुन्या बल्बला असलीं पथ्यें नव्हतीं. आमच्या मतें दिवा वाईट नव्हता. तो कोठें लावूं नये हें मात्र ग्राहकास फार थोड्यांनीं सांगितलें.

युरोपानें २००९ च्या सप्टेंबरपासून जुने १०० वॅटचे बल्ब बंद करण्यास आरंभ केला, तेव्हां जर्मनींत लोकांनीं ते खोकींच्या खोकीं भरून ठेवले. एका जर्मन अभियंत्यानें तर २०१० सालीं तेच बल्ब 'उष्णतेचे गोळे' म्हणून विकावयास काढले. हे दिवे नव्हेतच, लहान शेगड्या आहेत, असा त्याचा युक्तिवाद! विजेचा बहुतेक भाग खरोखरच उष्णतेंत जात असल्यामुळें तो अगदींच पोकळ नव्हता. न्यायालयानें अर्थातच तो मानला नाहीं.

त्याच २००९ सालीं आपल्याकडे बचत लँप योजना निघाली. जुना बल्ब द्यावा व १५ रुपयांत सीएफएल न्यावा. उरलेली किंमत कार्बन क्रेडिटांच्या विक्रींतून भरून काढावयाची. पुढें त्या क्रेडिटांचा बाजारच कोसळला. २०१५ च्या जानेवारींत उजाला योजना आली आणि एलईडीनें सीएफएलची जागा घेतली. युरोपानेंही २०२१ सालीं बहुतेक सीएफएल बाजारांतून उठविले.

आमच्या ओळखीच्या कित्येक घरांत विझलेले दोन-तीन सीएफएल अद्याप फळीवर पडून आहेत. आंत पारा, म्हणून ते घंटागाडींत टाकवत नाहींत.