नदीचं मूळ शोधावंच लागतं

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशर परगण्यात स्केल नावाची लहानशी नदी आहे. यॉर्कचा मठ सोडून निघालेल्या १३ ख्रिस्ती साधूंनी ११३२ साली तिच्या काठी नवा मठ उभारायला घेतला. तोच फाउंटन्सचा मठ. पुढे आठव्या हेन्री राजाच्या अमलात, १५३९ साली तो बंद झाला. छपरावरचं शिसंसुद्धा लोकांनी उतरवून नेलं. आज तिथे उघड्या भिंती आणि कमानी तेवढ्या उरल्या आहेत.

पण मठापासून हाकेच्या अंतरावर साधूंचीच एक इमारत अजून शाबूत आहे. ती आहे पिठाची गिरणी, बाराव्या शतकातली. राजाचा हुकूम बदलला, प्रार्थनेची रीत बदलली, पण भाकरीला पीठ लागायचं ते लागतच राहिलं. पाण्याच्या जोरावर तिथे १९२७ पर्यंत दळण चाललं. वापरात राहिली म्हणून गिरणी वाचली.

१९८३ मध्ये हा सगळा परिसर 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेकडे आला. १९८६ मध्ये युनेस्कोने तो जागतिक वारसा ठरवला. आता कुणी दगड चोरून नेणार नाही. मग भीती कशाची? तर जिने गिरणी चालवली त्या नदीचीच! वरच्या डोंगरांतून पावसाबरोबर माती वाहून येते आणि मठाखालच्या अठराव्या शतकातल्या जलोद्यानाची तळी गाळाने भरतात. २००७ साली तर पुराचं पाणी मठाच्या अवशेषांत शिरलं.

आपल्याकडे म्हणतात, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये. इथे मात्र नदीच्या मुळाकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नुसता गाळ उपसून भागत नाही, तो पुन्हा येतोच. म्हणून २०२१ पासून स्केलच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊन काम सुरू झालं. वरच्या भागात झाडं लावायची, पाणी थोपवणारी डबकी-तळी करायची, ओलसर कुरणं राखायची.

यात खरी परीक्षा आहे ती वरच्या शेतकऱ्याची. जमीन त्याची अडते, भिंत मात्र खालची वाचते. वास्तूभोवती कुंपण घालता येतं, खोऱ्याभोवती नाही. तिथे शेजाऱ्याची संमतीच मिळवावी लागते. आपल्या गावातली एखादी जुनी वेस, बारव किंवा दर्गा राखायला निघालो, तर त्याच्या वरच्या अंगाला कुणाचं शेत आहे, हेही एकदा पाहून यावं.