तळटीप : ‘मीट’
१२. मीट : मूळ मजकुरात हा शब्द ‘अन्न’ या अर्थी आला आहे, म्हणून येथे ‘मांस’ असे भाषांतर केलेले नाही. जुन्या इंग्रजीत ‘मेटे’ म्हणजे खाण्याची कोणतीही वस्तू. पुढे अर्थ मांसापुरता आकसला, पण जुना अर्थ बराच काळ टिकून राहिला. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये, उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात, देव माणसाला झाडांची फळे ‘मीट’ म्हणून देतो. लेवीयच्या दुसऱ्या अध्यायातील ‘मीट ऑफरिंग’ तर सपीठ, तेल आणि धूप यांचे. त्यात मांस मुळीच नाही. १८८५ च्या सुधारित आवृत्तीने तेथे ‘मील ऑफरिंग’ केले. मिठाईच्या ‘स्वीटमीट’ या नावात तो जुना अर्थ आजही शाबूत आहे. – संपा.