दानाचा खरा धनी

धुळ्याच्या पेठेंतून आज फिरणाऱ्याच्या सहसा ध्यानांत येत नाहीं, कीं या शहराच्या भरभराटीचा पाया एका सरकारी देणगीनें घातला गेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींची लुटालूट आणि दुष्काळ यांनीं खानदेश उजाड झाला होता. १८१८ सालीं तो इंग्रजांच्या हातीं आला व पुढल्याच वर्षीं कॅप्टन ब्रिग्ज यानें धुळें हें आपलें मुख्य ठाणें ठरविलें. त्या वेळीं गांवांत ४०१ घरें व २,५०९ माणसें होतीं. व्यापारी आणि कारागीर यांनीं येऊन वसावें म्हणून ब्रिग्जनें घरांच्या जागा कायमच्या बिनभाड्यानें दिल्या. पक्कीं घरें बांधण्यास जुन्या-नव्या रहिवाशांस आगाऊ रकमाहि दिल्या. या कामाचें श्रेय इतिहासानें ब्रिग्जला दिलें आणि तें योग्यच आहे. तथापि तो पैसा ब्रिग्जचा नव्हता. ज्या खजिन्यांतून तो निघाला, तो खजिना रयतेच्या वसुलानें भरलेला होता.

हा भेद क्षुल्लक वाटेल, पण आपल्या नगरांतील वाचनालयें, विद्यालयें आणि संशोधनसंस्था यांचा इतिहास समजून घ्यावयाचा तर तो मनांत ठेवावाच लागतो. देणारा हात कोणाचा, हें भिंतींतल्या दगडावर वाचावयास मिळतें. त्या हातांत पैसा कोठून आला, हें मात्र कोणत्याच दगडावर कोरलेलें नसतें.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानें अनुदानाचें तत्त्व या देशांत घालून दिलें. लोकांनीं शाळा काढावी आणि सरकारनें तिला मदत करावी, असा त्याचा आशय. पुढल्या दशकांत मुंबई इलाख्यांत जमीनसाऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकल फंडाची पट्टी बसली व तिचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे लावण्यांत आला. म्हणजे ज्याच्या घरचें एकहि पोर पाटी-पेन्सिल घेऊन बसलें नव्हतें, असा शेतकरीहि शाळेचा दाता झाला होता. त्याचें नांव कोणत्याहि इमारतीस मिळालें नाहीं.

याच सुमारास खानदेशाचें भाग्य कापसानें पालटलें. १८६१ ते १८६५ या काळांतील अमेरिकेच्या यादवीमुळें कापसाचे भाव चढले, आगगाडी आली, आणि जळगांव ही मोठी पेठ बनली. पेठेबरोबर धर्मादायाची चाल असतेच. सौदा होतांना ठराविक रक्कम कापून ठेवावयाची व ती धर्मकृत्यास लावावयाची, ही आपल्या बाजारांतली जुनी रीति. आडत्याच्या वहींत धर्मादायाचें खातें निराळें असे. त्यांतून धर्मशाळा, पाणपोई, पांजरपोळ आणि पुढें पुढें शाळाहि चालत. खातें शेठजींच्या वहींत खरें, पण त्यांतला पैसा बहुधा माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या पट्टींतून कापलेला असे. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्यानें या बाबतींत स्पष्ट निवाडा केला. अशी रक्कम जमा करणारा तिचा मालक नव्हे, तर विश्वस्त होय, आणि त्यानें तिचा हिशेब सादर केला पाहिजे.

याचा अर्थ व्यापाऱ्यांचें औदार्य खोटें होतें, असा कोणीं करूं नये. जळगांवचें वाचनालय १८७७ सालचें. तें आज शेठ वल्लभदास वालजी यांच्या नांवानें ओळखलें जातें. अमळनेरास गिरणीमालक प्रताप शेठ यांनीं १९१६ सालीं तत्त्वज्ञान मंदिर काढलें. तालुक्याच्या गांवीं वेदान्ताच्या अभ्यासकांस छात्रवृत्ति देऊन ठेवावें, ही कल्पना नफ्यातोट्याच्या हिशेबांत बसणारी नव्हती. साने गुरुजी अमळनेरास प्रथम आले ते याच मंदिराच्या ओढीनें. तेथून निघणाऱ्या इंग्रजी त्रैमासिकानें देशांतल्या तत्त्वज्ञांना एक व्यासपीठ दिलें. पण पुढें तें त्रैमासिक थांबलें, आणि १९७३ सालीं पुण्याच्या विद्यापीठाच्या सहकार्यानें नव्या रूपांत निघालें. एका दात्यानें लावलेलें रोप त्याच्या पश्चात् सार्वजनिक पाण्यावरच जगतें, हाच त्यांतला धडा.

धुळ्यांतली गोष्ट याहून निराळी आहे. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं तेथें वारले. त्यांच्यामागें इस्टेट नव्हती. होतीं तीं दप्तरें, टिपणें आणि हस्तलिखितें. कोणा धनिकाच्या हुकुमाची वाट न पाहतां भास्कर वामन भट आदि धुळेकरांनीं १९२७ सालीं राजवाडे संशोधन मंडळ स्थापून हा ठेवा सांभाळला. याच शहरांत शंकर श्रीकृष्ण देव यांनीं गांवोगांवच्या मठांतून रामदासी बाडें गोळा केलीं व तीं समर्थ वाग्देवता मंदिरांत जतन केलीं. जुन्या कागदांस कसर लागते, दमटपणा लागतो. ते झटकणारा, बांधणारा, मागेल त्यास काढून देणारा माणूस रोज लागतो. इमारतीस देणगी देणारा सांपडतो. त्या माणसाच्या पगारास देणगी देणारा विरळा.

महाविद्यालयांच्या बाबतींतहि हेंच घडलें. १९४५ सालीं जळगांवास मूळजी जेठा व अमळनेरास प्रताप, अशीं दोन महाविद्यालयें निघालीं. दोहोंस व्यापारी घराण्यांचीं नांवें. मात्र पुढें अध्यापकांच्या वेतनाचा भार सरकारी अनुदानानें उचलला. ग्रंथालयांसहि १९६७ च्या कायद्यान्वयें वर्गवारीप्रमाणें अनुदान मिळूं लागलें. तेव्हां अनुदानावर पगार घेत आलेल्या प्रस्तुत लेखकासारख्यानें तर हें विसरूंच नये, कीं आपल्या विद्वत्तेचा पोशिंदा, काडेपेटी विकत घेतांनाहि कर भरणारा, अनामिक मनुष्य आहे.

आतां काळ पुन्हा पालटला आहे. २०१२ सालीं जळगांवास उद्योगपति भवरलाल जैन यांच्या पुढाकारानें गांधीतीर्थ उभें राहिलें. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांस गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावण्याचें बंधन घातलें. जुना धर्मादाय रूढीनें कापला जाई, नवा कायद्यानें बाजूस निघतो, इतकाच फरक. हा पैसा येतो, हें चांगलेंच आहे. पण तो बहुधा ठराविक मुदतीच्या, डोळ्यांस दिसणाऱ्या उपक्रमांकडे वळतो. उद्‌घाटन होतें, छायाचित्रें निघतात, मुदत संपते. आणि कपाटाची किल्ली सांभाळणारा जुना कारकून होता तेथेंच राहतो.

यावर उपाय दात्यांची निंदा हा नव्हे, तसाच सरकारकडे डोळे लावून बसणें हाहि नव्हे. प्रत्येक देणगीचा कांहीं अंश नित्य खर्चासाठीं राखून ठेवावा, अनुदान वेळेवर यावें, आणि दोहोंचा हिशेब लोकांपुढें मांडला जावा. हिशेब मागण्याचा अधिकार आपणांस आहे, कारण पैसा मुळांत आपलाच आहे. परंतु हा अधिकार आपण वापरतों कोठें? पुढल्या खेपेस वाचनालयाच्या वार्षिक सभेची सूचना घरीं आली, तर ती रद्दींत न टाकतां सभेस जावें, ताळेबंद वाचावा, आणि पुस्तकें पुसणाऱ्या माणसास पगार किती मिळतो, एवढा एकच प्रश्न विचारावा.