हुकूम आणि बोल

भंडारा रोड स्टेशन आमच्या वरठीत आहे. सुट्टी संपवून युनिटकडे निघालेला जवान फलाटावर दिसला की मला दोन कविता आठवतात.

पहिली टेनिसनची, १८५४ची. बालाक्लाव्हाच्या लढाईत चुकीच्या हुकुमामुळे सुमारे ६७० ब्रिटिश घोडेस्वार रशियन तोफांवर चालून गेले. शंभराहून अधिक मेले. चूक झाली, हे कविता मान्य करते. पण ‘का’ विचारायची मुभा स्वारांना नाही.

दुसरी कुसुमाग्रजांची, लता मंगेशकरांच्या आवाजात आपण ऐकलेली. २४ फेब्रुवारी १६७४, नेसरी. बहलोलखानाला सोडलं म्हणून शिवाजी महाराजांनी बोल लावला होता. प्रतापराव गुजर सहा जणांसह त्याच्या फौजेवर तुटून पडले. मरायचा हुकूम इथे कुणीच दिलेला नाही. तिथे हुकुमाने बांधलं, इथे लाजेने. आपण दोन्हींना शौर्य म्हणतो. माघारी फिरायची वाट मात्र कुणालाच नव्हती.

दोन्ही कवितांत घोडे दौडतात. जखमी माणूस नंतर किती तळमळला, ते दिसत नाही. कुसुमाग्रजांच्या सातांना तर नावंही नाहीत. म्हणून फलाटावर मी जवानाच्या काळ्या ट्रंकेवर रंगवलेलं नाव आधी वाचतो.