कचेरीचें दप्तर आणि घरची पेटी

दप्तर या शब्दाचा आपल्या भाषेंतला संसार मोठा आहे. शाळकरी मुलाच्या पाठीवर असतें तेंही दप्तर, आणि पेशव्यांच्या कारभाराचे कागद रुमालांत बांधून पुण्यास जपून ठेवले आहेत तेंही दप्तरच. या शब्दाबरोबर एक प्रश्न पूर्वीपासून चालत आला आहे. कचेरीचें दप्तर कारभाऱ्यानें आपल्या घरीं नेलें, तर तें कोणाचें? नोकरीचें काम स्वतःच्या फोनवर किंवा संगणकावर करूं द्यावें कीं नाहीं, यासंबंधीं कंपन्या आज जे नियम करतात, त्यांच्या मुळाशीं हाच प्रश्न आहे. त्या नियमांची पूर्वपीठिका आज आपल्यापुढें मांडावयाची आहे.

जुन्या काळीं राज्यकारभार आणि घर यांच्यामध्यें पक्की भिंत नव्हती. नाना फडणविसांचे कागद वाईजवळ मेणवली येथील त्यांच्या वाड्यांत राहिले आणि पुढें द. ब. पारसनीस यांच्या हातीं आले. वि. का. राजवाडे इतिहासाचीं साधनें गोळा करीत गांवोगांव हिंडले, तेही जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर आणि पेट्यांत असलेल्या कागदांसाठींच. इंग्लंडांतही तोच प्रकार होता. प्रधान रॉबर्ट सेसिल १६१२ सालीं वारला. त्याच्या कारभारांतील कागदांचा मोठा संग्रह आजही हॅटफील्ड येथील वाड्यांत आहे. अमेरिकेंत तर अध्यक्षाचे कागद ही त्याची खासगी मालमत्ता, हा समज १९७८ सालच्या कायद्यानें मोडेपर्यंत चालत आला होता. ज्या घरांनीं कागद जपले त्यांचे आपण ऋणी आहों. पण जे वाळवीनें खाल्ले, पुराच्या पाण्यांत गेले किंवा वाण्याच्या पुड्यांना लागले, त्यांची मोजदाद कोणी करावी?

कागदाला निदान वजन असे. हजार रुमाल घरीं न्यावयाचे तर बैलगाडी लागे आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीस पडे. संगणकानें ही अडचण दूर केली. १९७० नंतरच्या दशकांत मोठ्या कंपन्यांचा संगणक स्वतंत्र खोलींत असे, आणि त्याचें काम पाहणाऱ्या खात्याकडून आंकडे मिळेपर्यंत इतरांना वाट पाहावी लागे. १९७९ सालीं ॲपल-२ या लहान संगणकावर चालणारा व्हिझिकॅल्क नांवाचा हिशेबाचा प्रोग्राम निघाला. तक्त्यांतला एक आंकडा बदलला कीं त्यावर अवलंबून असलेल्या साऱ्या बेरजा आपोआप बदलत. ही सोय पाहून कित्येक हिशेबनिसांनीं कचेरीच्या परवानगीची वाट न पाहतां तो संगणक पदरमोड करून आणला आणि आपल्या टेबलावर मांडला. त्यांच्या मनांत कपट नव्हतें. काम लवकर आणि चोख व्हावें एवढीच इच्छा होती. हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. नियम मोडणारा मनुष्य पुष्कळदां चोर नसतो, कामसू असतो.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण २००६ सालीं अमेरिकेंत घडलें. निवृत्त सैनिकांची व्यवस्था पाहणाऱ्या सरकारी खात्यांतील एक विश्लेषक कांहीं वर्षें खात्याची माहिती घरीं नेऊन तिच्यावर काम करीत असे. ३ मे रोजीं मेरीलंड राज्यांतील त्याच्या घरीं चोरी झाली. चोरांनीं त्याचा स्वतःचा लॅपटॉप आणि माहिती सांठविण्याची एक लहानशी डबी, म्हणजे जोड-हार्डडिस्क, उचलून नेली. त्या डबींत सुमारें २ कोटी ६५ लक्ष लोकांचीं नांवें, जन्मतारखा आणि सरकारी ओळखक्रमांक असल्याचें सांगण्यांत आलें. माहिती सांकेतिक रूपांत बंद केलेली नव्हती. डबी हातीं पडेल त्याला ती उघड वाचतां आली असती. खात्याच्या मंत्र्याला ही वार्ता कळावयास सुमारें तेरा दिवस लागले, आणि जनतेला ती २२ मे रोजीं सांगण्यांत आली. सुदैवानें जूनअखेर दोन्ही वस्तु सांपडल्या, आणि माहिती कोणी वाचल्याचा पुरावा तपासांत आढळला नाहीं. तरी २००९ सालीं सरकारला २ कोटी डॉलर भरपाईदाखल देण्याचें मान्य करावें लागलें. त्या सैनिकांनीं आपली माहिती सरकारला विश्वासानें दिली होती. ती एका खासगी घरांतल्या खणांत आहे, हें त्यांना कोणीही सांगितलें नव्हतें.

त्याच वर्षीं जून महिन्यांत सर्व अमेरिकन खात्यांना सूचना गेली कीं, बाहेर नेल्या जाणाऱ्या यंत्रांतील माहिती सांकेतिक रूपांतच असली पाहिजे. परंतु २००७ सालीं आयफोन बाजारांत आला, आणि लॅपटॉपचा प्रश्न खिशांत शिरला. कंपनीनें दिलेल्या फोनापेक्षां आपलाच फोन अधिक चांगला, असें नोकरवर्गाला वाटूं लागलें. आयबीएम कंपनीनें २०१० सालीं स्वतःचे फोन वापरण्यास परवानगी दिली. २०१२ पर्यंत तिच्या सुमारें ४ लक्ष नोकरांपैकीं ८० हजार जण या मार्गानें कंपनीच्या जाळ्यांत शिरत होते. तेव्हां असें दिसून आलें कीं, कोणत्या सोयींत धोका आहे याची पुष्कळांना कल्पनाच नाहीं. मग आयबीएमनें ड्रॉपबॉक्स वर्ज्य केला आणि बोललेला प्रश्न बाहेरच्या कंपनीकडे पाठविणारी सिरी बंद केली.

कांहीं ठिकाणीं वैयक्तिक फोनवरून धंद्याचें बोलणें सरसकट निषिद्ध ठरलें. त्याचें फळ काय झालें, तें अमेरिकेंतील रोखे-व्यवहाराच्या पेढ्यांत दिसतें. ग्राहकांचीं बोलणीं जपून ठेवणें हें तेथें कायद्यानें बंधनकारक आहे. तरी जे. पी. मॉर्गनच्या रोखे-शाखेंतील लोक स्वतःच्या फोनवरून, व्हॉट्सॲपवरून व्यवहार बोलत राहिले, आणि नियम पाळले जातात कीं नाहीं हें पाहणारे वरिष्ठही त्यांत होते. डिसेंबर २०२१ मध्यें सरकारी नियामक आयोगानें त्या पेढीला १२.५ कोटी डॉलर दंड केला. पुढच्या वर्षीं आणखी सोळा पेढ्यांकडून एकंदर ११० कोटींहून अधिक डॉलर वसूल करण्याचें ठरविलें. कागदावरचा नियम आणि कामाची रोजची निकड यांचा मेळ बसला नाहीं, म्हणजे नियम कागदावरच राहतो.

आतां दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. फोन नोकराचा, त्यांत मुलांचीं छायाचित्रें, आईचे निरोप, बँकेचे हिशेब. तो हरवला किंवा नोकरी सुटली, तर तो दुरूनच कोरा करण्याचा अधिकार कित्येक कंपन्यांनीं नियमांत घालून घेतला. कचेरीचें एक पत्र पुसतांना घरच्या आठवणीही पुसल्या जाव्यात, याला न्याय म्हणतां येणार नाहीं. खर्चाचाही प्रश्न होता. नोकराला स्वतःचा फोन कामासाठीं वापरावा लागत असेल, तर बिलाचा वाजवी भाग मालकानें दिला पाहिजे, असा निर्णय कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानें २०१४ सालीं दिला.

तोडगा निघाला तो आपल्या जुन्या दप्तरखान्याला शोभेल असाच: रुमाल वेगळे बांधावे. गूगलनें २०१५ सालीं अँड्रॉइड फोनांसाठीं कामाचा निराळा कप्पा काढला; ॲपलनें २०१९ सालीं तशीच व्यवस्था केली. या कप्प्यांतली माहिती सांकेतिक रूपांत बंद असते. कंपनीला तेवढाच कप्पा पाहतां आणि पुसतां येतो, आणि शेजारच्या घरगुती कप्प्यांत तिला डोकावतां येत नाहीं. २०२० सालीं महामारीनें कचेऱ्याच घरांत आणून बसविल्या, तेव्हां या विभागणीचें मोल पुष्कळांना कळलें. भारतीय संसदेनें २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. त्यांत माहिती राखण्याच्या कामीं हयगय करणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माहिती कोणाच्या खिशांतून गेली, या सबबीवर संस्थेला आपली जबाबदारी झटकतां येऊं नये, असाच त्याचा आशय आहे.

या साऱ्या इतिहासाचें सार एवढेंच कीं, पेटीची मालकी आणि पेटींतल्या दप्तराची मालकी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पेटी आपली असली तरी दप्तर ज्यांच्याविषयीं आहे त्या परक्या माणसांचा विश्वास त्यांत बांधलेला असतो. आणि दप्तर कंपनीचें असलें म्हणून आपल्या पेटीची झडती घेण्याचा हक्क तिला मिळत नाहीं. म्हणून आपल्या कचेरीनें असा नियम पुढें केला, तर सही करण्यापूर्वीं दोन प्रश्न अवश्य विचारावे: माझ्या यंत्रांतलें काय काय तुम्हांला दिसेल, आणि काय काय तुम्हांला पुसतां येईल? आणि सही केल्यावर तिसरा प्रश्न स्वतःला विचारावा: दुसऱ्याची जी माहिती मी खिशांत घेऊन हिंडतों, ती आज रात्रीं चोराच्या हातीं गेली, तर त्याला ती वाचतां येईल काय?