जुन्या संगणकाचें दुसरें आयुष्य

पिपरी मेघे हें गांव वर्धा शहराला लागूनच आहे. याच वर्ध्यांत १९३४ सालीं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि १९३८ च्या डिसेंबरांत महात्मा गांधींच्या हस्तें मगन संग्रहालयाचें उद्घाटन झालें. हाताशीं असलेलें साधन सुधारून त्याच्याकडून अधिक काम घ्यावें, हा विचार या भूमींत रुजलेला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबविला, आणि तोच विचार नव्या रूपांत पुढें आला. विंडोज ११ च्या अटी अनेक जुन्या संगणकांना पुऱ्या करतां येत नाहींत. यंत्र धडधाकट, परंतु त्याची मुदत मात्र सरलेली! अशा यंत्राला बैठकीच्या खोलींतील टीव्हीशीं जोडून त्याचें घरगुती चित्रपटगृह करतां येईल काय? संगणक चित्रपट दाखवावयास कसा शिकला, या इतिहासांत त्याचें उत्तर आहे.

चलच्चित्र म्हणजे एका सेकंदांत डोळ्यांपुढून सरकणारीं पंचवीसएक स्थिरचित्रें. तीं जशींच्या तशीं सांठवूं गेल्यास तबकड्या अपुऱ्या पडतात. म्हणून एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत जें बदलत नाहीं तें गाळावें व जें बदलतें तेवढेंच नोंदवावें, अशी युक्ति निघाली. तिचें प्रमाण ठरविण्यासाठीं १९८८ सालीं ‘एम्पेग’ हा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट स्थापन झाला. त्याच्या पहिल्या प्रमाणावर १९९३ सालीं व्हिडिओ सीडी निघाली. एका तबकडींत ७४ मिनिटें मावत. मराठी घरांत एकच चित्रपट दोन-तीन तबकड्या बदलून पाहावा लागे, तो याच मर्यादेमुळें.

गाळलेलें पुन्हां भरून चित्र उभें करणें, हें गणित संगणकाला दर सेकंदास पंचवीस वेळां करावें लागतें. ४८६ जातीच्या संगणकाला तें झेपत नसे. त्यास वेगळें कार्ड जोडावें लागे. त्यानंतरच्या पेंटियमनें तो भार हळूहळू स्वतः उचलला.

यानंतरची कामगिरी हौशी मंडळींची आहे. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी विद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं १९९६ सालीं आरंभिलेल्या उपक्रमांतून ‘व्हीएलसी’ जन्मास आलें आणि २००१ सालीं तें सर्वांस खुलें झालें. त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टचें एक्सबॉक्स हें खेळाचें यंत्र बाजारांत आलें. ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि अवघी ६४ मेगाबाइट स्मृति! हौशी प्रोग्रामरांनीं २००२ सालीं त्याच्यासाठीं चित्रपट दाखविणारा प्रोग्राम लिहिला. पुढें तो सामान्य संगणकावरहि चालूं लागला आणि २०१४ सालीं त्याचें नांव ‘कोडी’ असें झालें. लिनक्सवर तो विनामूल्य चालतो. आणि लिनक्सच्या चालू आवृत्तीस सुरक्षेच्या सुधारणाहि मिळत राहतात.

तथापि प्रत्येक जुनें यंत्र प्रत्येक चित्रपट दाखवील, असें नव्हे. चित्र उलगडण्याचें काम पुढें ग्राफिक्स चिपमधील खास मंडलांकडे गेलें. २००३ चें एच.२६४ हें प्रमाण उलगडणारीं मंडलें २०१० च्या सुमाराच्या अनेक संगणकांत आहेत. २०१३ च्या एचईव्हीसीचीं त्यांत नाहींत. म्हणून फुल एचडी चित्रपट जेथें सुरळीत चालतो, तेथेंच फोर-के चित्र अडखळतें. धूळ झाडून पंखा मोकळा करावा, हार्ड डिस्कच्या जागीं एसएसडी बसवावी, आणि एचडीएमआय असल्यास चित्र व आवाज एकाच तारेनें न्यावे. एवढ्यावर बहुतेक काम भागतें. वीज मात्र जुना डेस्कटॉप टीव्हीला लावण्याच्या छोट्या साधनांहून पुष्कळ अधिक खातो. तो दिवसभर चालू ठेवणें हा कांहीं काटकसरीचा मार्ग नव्हे.

ग्रामोद्योग संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा कोळसा, तेल व धातु यांना निसर्गाचे सांठे मानीत; ते उपसले कीं कमीच होतात. संगणक अशाच धातूंचा बनतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनीं पुनर्चक्रणाचें दायित्व उत्पादकांवर टाकलें आहे. परंतु यंत्र मोडून धातु काढणें ही शेवटची पायरी होय. तीपूर्वीं तें आणखी कोणत्या कामास येतें, हें पाहिलें पाहिजे. कंपनीची मुदत सरली म्हणून यंत्राचें सामर्थ्य सरत नाहीं. त्याची परीक्षा त्याच्या कामावरूनच व्हावयास हवी.