कान्हाच्या थंडीत कॅराव्हॅन : हीटर आणि इतर जादा सोयींची निवड

बालाघाट जिल्ह्याचे हवामान एका वाक्यात सांगता येत नाही. वैनगंगेच्या काठचे बालाघाट शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर, भातशेतीच्या सखल मुलुखात वसले आहे. तेथून घाट चढून साठ-सत्तर किलोमीटरवरील बैहरच्या पठारावर पोहोचले, की उंची जवळपास दुप्पट होते आणि हिवाळ्याची रात्र वेगळीच भासते. मंडला व बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की प्रवेशद्वार याच पठाराच्या बाजूला आहे. डिसेंबर-जानेवारीत येथे पहाटेचे तापमान शून्याच्या जवळ उतरते, गवताळ मैदानांवरील दव गोठून पांढरे होते आणि सालवृक्षाची कोवळी रोपे त्या गारठ्याने करपतात. दुपारी मात्र चोवीस-पंचवीस अंशांचे सुखद ऊन असते. जानेवारीतही एकोणीस-वीस अंशांखाली क्वचितच उतरणाऱ्या पणजीतून निघालेल्या पर्यटकाला दुपारच्या या उन्हामुळेच रात्रीचा अंदाज येत नाही.

गोव्याहून नागपूर-गोंदियामार्गे बालाघाटपर्यंतचा रस्ता हजार किलोमीटरहून अधिक आहे. स्वतःची कॅराव्हॅन घेऊन नाताळच्या सुटीत तो पार करण्याचा विचार करणाऱ्याने वाहन नोंदवताना जादा सोयींच्या यादीतून काय निवडावे, याचे उत्तर एका प्रश्नावर अवलंबून आहे : रात्री विजेचा प्लग मिळणार आहे काय? उद्यानाच्या गाभा क्षेत्रात स्वतःचे वाहन लावून मुक्काम करता येत नाही. त्यामुळे कॅराव्हॅन मुक्कीबाहेरील एखाद्या निवासाच्या आवारात किंवा बैहर-बालाघाटच्या वसतीत उभी राहणार, हे उघड आहे. तेथे वीज बहुधा असते. पण प्लग कोणता, हे आधी विचारावे. दोन किलोवॉटच्या विजेच्या हीटरला सुमारे नऊ अँपिअर प्रवाह लागतो. भ्रमणध्वनी भारित करण्याच्या ६ अँपिअरच्या प्लगवर तो लावणे म्हणजे वायर जाळण्याला निमंत्रण होय. १६ अँपिअरचा प्लग आणि तितक्याच क्षमतेची जाड केबल हवी. केबल गुंडाळलेली न ठेवता पूर्ण उलगडून वापरावी, कारण गुंडाळीत उष्णता कोंडते.

बॅटरीवर हाच हीटर चालवण्याचा मोह मात्र कोणी धरू नये. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १,२०० वॉट-तास ऊर्जा मावते आणि शिसे-आम्लाच्या बॅटरीतून तिच्या आयुष्याला धक्का न लावता त्यातील निम्मीच वापरता येते. दोन किलोवॉटच्या हीटरला ती पाव तासाहून थोडी अधिक पुरेल. त्याच बॅटरीवर साठ वॉटचे विद्युत पांघरूण मात्र रात्रभर चालू शकते. खोलीभर हवा तापवण्यापेक्षा अंथरूण तापवणे किती स्वस्त पडते, ते या हिशेबातून कळते. तरीही विक्रेत्यांच्या यादीत अशा पांघरुणाचे नाव सहसा सापडत नाही.

वीज मिळण्याची खात्री नसेल तर डिझेलवर चालणारा हीटर हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. वेबास्टो, एबरस्पेशर या जर्मन कंपन्यांची अशी उपकरणे जगभर वापरात आहेत आणि त्यांच्या स्वस्त प्रतिकृतीही बाजारात आहेत. दोन किलोवॉटच्या हीटरला पूर्ण क्षमतेवर तासाला सुमारे पाव लिटर डिझेल लागते. पंखा चालवण्यास वीस-तीस वॉट वीज पुरते, म्हणून बॅटरी सकाळपर्यंत टिकते. यातील ज्वलनकक्ष बंदिस्त असतो. जळणासाठीची हवा तळाखालून आत येते, धूर तळाखालूनच बाहेर जातो आणि कॅराव्हॅनमधील हवा फक्त तापलेल्या धातूवरून फिरते. या रचनेची सुरक्षितता धुराच्या नळीच्या सांध्यांवर अवलंबून असल्याने बसवणारा कारागीर जाणकार असावा. नळीचे तोंड खिडकी, दार किंवा हवेच्या झरोक्याखाली येऊ नये.

युरोपातील कॅराव्हॅनमध्ये गॅसवरील हीटर सर्वाधिक रुळलेले आहेत. आपल्याकडे मात्र त्यात एक अडचण आहे. भारतात मिळणाऱ्या एलपीजीमध्ये ब्युटेनचे प्रमाण मोठे असते आणि ब्युटेन उणे अर्धा अंश सेल्सिअसच्या खाली वायुरूप होत नाही. गोठणबिंदूजवळच्या पहाटे, नेमकी गरज असताना, सिलिंडरचा दाब मंदावतो. अन्यथा पाच किलोचा सिलिंडर दोन किलोवॉटच्या हीटरला सुमारे तीस तास पुरतो. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून बंद आणि तळाला बाहेर उघडणारा असणे अत्यावश्यक आहे.

उलट्या चक्राने उष्णता देणारा वातानुकूलक हा गोमंतकीय मालकासाठी बहुधा सर्वांत शहाणपणाचा जादा खर्च ठरेल. वर्षाचे दहा महिने तो गारवा देतो आणि प्रवासातील चार रात्री ऊब. मात्र छतावर बसणाऱ्या काही यंत्रांत उलटे चक्र नसून केवळ विजेची तापती तार असते. दोहोंच्या वीजवापरात मोठा फरक पडतो, म्हणून विक्रेत्याला हे स्पष्ट विचारावे. खरे उलटे चक्रही बाहेरचे तापमान चार-पाच अंशांखाली गेले की मंदावते.

या सर्वांहून स्वस्त, आणि गोव्याच्या उन्हातही उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे छत, भिंती व तळातील उष्णतारोधक थर आणि दुहेरी काचेच्या खिडक्या. वाहन बांधून झाल्यावर हा थर घालणे महागात पडते. इतर यादीतून डासांच्या जाळ्या निश्चित घ्याव्यात, कारण बैहरचा वनपट्टा मलेरियासाठी पूर्वापार परिचित आहे. पाण्याच्या टाकीचा हीटर येथील थंडीला अनावश्यक आहे. दहा लिटर पाणी तीस अंशांनी तापवण्यास सुमारे ३५० वॉट-तास लागतात, म्हणून प्लग नसेल तर अंघोळीचे पाणी मुक्कामाच्या ठिकाणाहून मागून घेतलेले बरे.

एक खर्च मात्र ऐच्छिक समजू नये. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघेजण मृतावस्थेत आढळले. कालिकतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या तपासणीत जनरेटरमधील कार्बन मोनॉक्साईड आत शिरल्याचे निष्पन्न झाले. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दमन येथे बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक याच वायूने दगावले. त्यांत चार मुले होती. या वायूला वास नाही, रंग नाही आणि झोपलेल्या माणसाला तो जागे करीत नाही. म्हणून कोळशाची शेगडी, स्वयंपाकाची गॅस शेगडी किंवा धूर बाहेर न सोडणारा कोणताही हीटर उबेसाठी आत पेटवू नये. जनरेटर वाहनाखाली किंवा वाहनाच्या पोटात चालवून झोपू नये. थंडी वाजते म्हणून कायमचे झरोके कापड कोंबून बुजवू नयेत. ते उघडे राहिले तरच श्वासातील बाष्पही बाहेर जाते, नाहीतर सकाळी गाद्या दमट लागतात. फिरत्या वाहनांसाठी ईएन ५०२९१-२ या युरोपीय मानकाचा कार्बन मोनॉक्साईड इशारायंत्र निजण्याच्या जागेजवळ, श्वासाच्या उंचीवर बसवावा. एलपीजी गळतीचे यंत्र वेगळे असते आणि ते जमिनीलगत लावावे लागते.

हे सर्व नोंदणीपूर्वीच ठरवलेले बरे. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक लागू आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. प्रत्येक जादा वस्तूचे वजन अनुज्ञेय एकूण भारातून वजा होते. छतावरील वातानुकूलक तीसेक किलोचा, तर शिसे-आम्लाची मोठी बॅटरी पंचवीस-तीस किलोची असते.

डिझेल हीटर घेतलाच, तर परतल्यावर तो विसरून चालणार नाही. गोव्याच्या खाऱ्या, दमट पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या यंत्रात काजळी व गंज धरतो. म्हणून उन्हाळा असो वा पावसाळा, महिन्यातून एकदा तो वाहन मोकळ्यावर उभे करून दहा मिनिटे पूर्ण क्षमतेवर चालवावा आणि ऑक्टोबरात धुराची नळी उतरवून तपासून घ्यावी.